साक्षीदार जाण्याआधी वस्तीचा इतिहास वस्तीनेच नोंदवावा

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. त्या एका ठरावाची किंमत मराठवाड्यातील आपल्या वस्त्यांनी पुढे जवळजवळ सोळा वर्षे मोजली. घरे जळाली, मजुरी बंद झाली, लेकराबाळांसह माणसे शेतशिवारात लपून राहिली. ४ ऑगस्ट १९७८ रोजी नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या तारखा आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहेत. दरवर्षी विद्यापीठ गेटवर आपण या शहिदांना अभिवादन करतो, ते केलेच पाहिजे.

पण हिंगोली जिल्ह्यातील आजच्या एखाद्या कार्यकर्त्याला विचारा, की तुमच्या तालुक्यात त्या दिवसांत काय झाले? कोणत्या गावात किती घरे पेटली? कोणत्या गावाने वस्तीचे दळण आणि किराणा बंद केला? तुरुंगात गेलेल्यांची घरे कोणी चालवली? रात्रीच्या वेळी कोणी दार उघडून आसरा दिला? बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, "आमच्या आजोबांना माहीत होते." हा 'होते' शब्दच चळवळीला धोक्याची सूचना आहे.

जरा हिशेब करून पाहू. १९७८ साली जो तरुण विशीत होता, तो आज सत्तरीकडे आला आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जो मुलगा पंधरा वर्षांचा होता, त्याने पंच्याऐंशी गाठली आहे. १९४८ च्या पोलीस ॲक्शनच्या वेळी ज्याला कळत होते, असा माणूस आता गावोगाव शोधावा लागेल. म्हणजे धर्मांतराचे साक्षीदार हाताच्या बोटावर उरले आहेत आणि नामांतराचे साक्षीदार आपल्या डोळ्यांदेखत कमी होत आहेत. पुतळा दहा वर्षांनीही बसवता येतो, विहार वीस वर्षांनीही बांधता येते. गेलेल्या माणसाची साक्ष मात्र कोणत्याही निधीतून परत आणता येत नाही.

हिंगोलीच्या बाबतीत हे काम अधिक निकडीचे का आहे, तेही समजून घेतले पाहिजे. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्याआधीचे सरकारी कागद परभणीच्या नावाने आहेत. त्याहून मागे गेलो तर हा निजामाचा मुलूख, राजभाषा उर्दू आणि राजधानी हैदराबाद. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्या दिवशी हिंगोली हैदराबाद राज्यात होती आणि नागपूर मध्य प्रदेशात. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे दीक्षेनंतर अठरा दिवसांनी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आपली माणसे दीक्षेसाठी कशी गेली? कोणत्या वाटेने गेली? भाकरी किती दिवसांची बांधली? परत आल्यावर देव्हारे कोणी काढले आणि गावाने त्यावर काय केले? हे कोणत्या दफ्तरात सापडणार आहे?

दफ्तरात जे सापडते, तेही आपल्या हाताने लिहिलेले नाही. पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिले, तहसीलने लिहिले, पोलिसांनी पंचनाम्यात लिहिले. आपण त्यात सापडतो ते आरोपी म्हणून, फिर्यादी म्हणून, नाहीतर अतिक्रमणदार म्हणून. येसकरकी केव्हा सोडली, मेलेली ढोरे ओढणे कोणत्या साली बंद केले, त्यापायी बहिष्कार किती महिने सोसला, हे कोणत्याही सरकारी कागदात स्वाभिमानाचा लढा म्हणून नोंदलेले नसते. ते आहे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात.

बोलण्यातले वेळीच नोंदले नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या रोजच्या अभिवादनात आहे. 'जयभीम' ही घोषणा कोणी दिली? विदर्भात कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांचे नाव सांगितले जाते. मराठवाड्यात ३० डिसेंबर १९३८ च्या मक्रणपूर परिषदेचे आणि भाऊसाहेब मोरे यांचे नाव घेतले जाते. दोघेही चळवळीचे मोठे पुरुष, दोघांचाही मान सारखाच. परंतु त्या काळची माणसे हयात असताना कोणी गावोगाव बसून त्यांच्या साक्षी उतरवून घेतल्या असत्या, तर आज या दोन परंपरा शेजारी शेजारी ठेवून तपासता आल्या असत्या. आपण दिवसातून पन्नास वेळा उच्चारतो त्या शब्दाची ही गत, तर एखाद्या तांड्याजवळच्या दहा घरांच्या वस्तीने केलेल्या लढ्याचे काय होणार?

हे काम आपल्याला जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. ते आपल्याच माणसांनी करून दाखवले आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्रासाठी आयुष्यभर कागद आणि आठवणी गोळा केल्या. वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लिखाणासाठी उभा जन्म दिला, म्हणून १९७९ पासून शासनाचे खंड निघू शकले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून काढले, त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक समाजापुढे ठेवले. त्या स्त्रियांपैकी अनेक जणी आज हयात नाहीत. त्या वेळी या दोघी कोणाची परवानगी, कोणाचे अनुदान येण्याची वाट पाहत बसल्या असत्या, तर सभेला जाणाऱ्या, घरोघर वर्गणी गोळा करणाऱ्या, पोलिसांचा मार खाणाऱ्या आपल्या आयाबहिणी इतिहासातून कायमच्या गेल्या असत्या.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉयत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतील कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. हिंगोलीला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही त्यात आहेत. गी पॉयत्व्हाँ २००४ मध्ये गेले, हेमाताई २०१० मध्ये गेल्या. तरी काम बुडाले नाही. का बुडाले नाही? कारण प्रत्येक ओवीला गाव होते, गाणारीचे नाव होते, क्रमांक होता. ध्वनिफिती जपलेल्या होत्या. म्हणून २०१७ पासून पी. साईनाथ यांनी स्थापन केलेल्या 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ला त्या ओव्या लोकांपुढे आणता आल्या, गाणाऱ्या बायांच्या गावी पुन्हा जाता आले. जमवणारा गेल्यावरही जमवलेले राहते ते अशा शिस्तीमुळे. आपल्याकडे नेमकी हीच शिस्त कमी पडते.

आज आपल्या तरुणांच्या हातात मोबाईल आहे. जयंतीच्या दिवशी कोणी आजीचे दोन मिनिटांचे बोलणे टिपतो, व्हॉट्सॲपवर टाकतो, शंभर जण 'जयभीम' लिहितात, आणि मोबाईल बिघडला की आजीही गेली, बोलणेही गेले. ही हौस झाली, इतिहास नव्हे. इतिहासासाठी आराखडा लागतो. तो मोठा असण्याची गरज नाही. पुढच्या वर्षीही चालेल एवढाच तो असावा.

पहिली गोष्ट, वेळ. आपल्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. राहिलेल्यांपैकी कित्येक बाया हळदीच्या हंगामात वसमत-हिंगोलीकडे काढणीला आणि शिजवणीला असतात. त्या काळात मुलाखती ठरवल्या तर घराला कुलूपच भेटेल. वस्ती भरलेली असते ती पावसाळ्यात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. लोक संध्याकाळी एकत्र येतात. हे तीन महिने मुलाखतींचे ठेवावेत. हिवाळ्यात लिहून काढण्याचे काम करावे. १४ जानेवारीला किंवा १४ एप्रिलला त्यातले निवडक बोलणे वस्तीला ऐकवावे. वर्षाचे चक्र असे बांधले की काम कोणा एकाच्या उत्साहावर लटकत नाही.

दुसरी गोष्ट, माणसे. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, वसमत आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके आहेत. पाचही एकदम हाती घेऊ नयेत. एका तालुक्यातील दहा गावे घ्यावीत. त्या गावांतील सत्तरीपुढच्या सर्व स्त्री-पुरुषांची यादी करावी आणि सर्वांत वृद्ध, सर्वांत आजारी माणसापासून सुरुवात करावी. आपली सवय अशी, की आधी पुढाऱ्याकडे जायचे, कारण त्याला बोलता येते. पुढाऱ्याचे भाषण वर्तमानपत्रात कुठेतरी आलेले असते. दुष्काळी कामावर १९७२ साली खडी फोडणाऱ्या, सुकडी आणि मिलोवर लेकरे जगवणाऱ्या, मोर्चातून नवरा तुरुंगात गेल्यावर घर चालवणाऱ्या बाईचे कुठेच आलेले नसते. यादीत निम्म्या स्त्रिया असल्याच पाहिजेत, आणि त्यांना विचारणारीही बाईच असावी. घरातला मुलगा, सासरा समोर बसला असताना ती मोकळेपणाने बोलणार नाही.

कोण विचारतो, यावर काय सांगितले जाते हे ठरते. अमेरिकेत १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेतून पूर्वी गुलाम असलेल्या तेवीसशेहून अधिक माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. हा मोठाच ठेवा आहे. पण विचारणारे बहुतांश गोरे होते, सांगणारे म्हातारे, गरीब आणि त्याच गोऱ्यांच्या गावात राहणारे होते. मालकाबद्दल मनातले सगळे ते सांगू शकले नाहीत, असे अभ्यासकांनीच पुढे दाखवून दिले. म्हणून आपल्या वस्तीत बाहेरचा अभ्यासक आला तर त्याचे स्वागत करावे, त्याच्याकडून शिकावेही, परंतु विचारण्याचे काम आणि मूळ ध्वनिमुद्रण वस्तीच्याच हाती राहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक आहे, ती सांगणाऱ्याच्या सुरक्षिततेची. ज्यांनी १९७८ मध्ये घर पेटवले, त्यांची मुले-नातवंडे आजही त्याच गावात आहेत. आपल्या माणसाची मजुरी, पाण्याची वाट, मयताची वाट त्यांच्या शेतावरून जाते. म्हाताऱ्याने नावे घेतली आणि ते बोलणे उद्या मोबाईलवर फिरले, तर सोसावे कोणाला लागेल? शहरात बसून ते पसरवणाऱ्याला नाही. म्हणून मुलाखतीआधी त्या माणसाला स्पष्ट सांगावे, की हे कशासाठी आहे, कुठे ठेवणार, कोण ऐकणार. त्याची संमती घ्यावी, लिहिता येत नसेल तर आवाजात घ्यावी. माझे नाव झाकून ठेवा, अमुक भाग मी असेपर्यंत उघडू नका, असे सांगण्याचा त्याला अधिकार असावा आणि तो कसोशीने पाळावा. कोर्टात खटला चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय त्या विषयाला हात घालू नये. चळवळीने आपल्याच माणसाला उघडे पाडू नये.

चौथी गोष्ट, जपणूक. एक तासाचे बोलणे शब्दशः लिहून काढायला पाच-सहा तास सहज लागतात. म्हणून मुलाखती थोड्या घ्याव्यात, पण पूर्ण कराव्यात. प्रत्येक ध्वनिमुद्रणावर गाव, तारीख, क्रमांक घालावा. मूळ आवाज कधीही कापू नये. मराठवाडी बोलीतले शब्द 'शुद्ध' करून लिहू नयेत, कारण त्या शब्दांतच तो काळ आहे. तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्यात. एक विहारात, एक एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक जिल्ह्याबाहेर विश्वासू संस्थेकडे. दर दोन-तीन वर्षांनी त्या उघडून पाहाव्यात आणि नव्या साधनावर उतरवाव्यात. एक प्रत ज्याने सांगितले त्याच्या घरी द्यावी, तो त्या कुटुंबाचा हक्कच आहे.

पैशाचा प्रश्न येईलच. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर एका रात्रीत जी रक्कम उडते, तिचा काही भाग बाजूला काढला तरी एका तालुक्याचे वर्षभराचे काम निघेल. सरकारी अनुदानावर हे काम उभे करू नये. अनुदान थांबले की काम थांबते, आणि अनुदान देणाऱ्याला न आवडणारी साक्ष आधीच गाळली जाते. घरटी वर्गणी लहान असली तरी ती देणारा ते काम आपले मानतो.

पैशापेक्षा मोठी अडचण गटबाजीची आहे, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. रिपब्लिकन पक्षाचे जेवढे गट, तेवढे इतिहास होऊ लागले तर वस्ती कोणावरच विश्वास ठेवणार नाही. या गटाच्या कार्यकर्त्याची मुलाखत घ्यायची आणि त्या गटाच्या म्हाताऱ्याला वगळायचे, असे झाले तर प्रस्थापितांनी आपल्यावर जे केले तेच आपण आपल्यावर करू. समितीत सगळ्या गटांची माणसे असावीत आणि कोणाचाही फोटो फलकावर नसावा. नामांतराचा मार फक्त बौद्धांनी खाल्ला असे धरून मातंग, चर्मकार आणि इतर वस्त्यांना विसरू नये. ज्या मुसलमान शेजाऱ्याने, ज्या मराठा कुटुंबाने त्या रात्री दार उघडले, त्यांचीही नोंद व्हावी. आपल्याला बदनामीची यादी करायची नाही, सत्य नोंदवायचे आहे.

काही जण विचारतील, पोटापाण्याचे प्रश्न सोडून या गोष्टी कशाला? त्यांनी गायरानाचा प्रश्न पाहावा. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला. त्यासाठी पुरावा लागतो. जमीन कोणी, कोणत्या साली काढली, दंड कोणी भरला, पंचनाम्याला कोण हजर होते, हे म्हाताऱ्याच्या बोलण्यातून कळते, आणि त्या बोलण्याच्या धाग्याने घरातल्या पेटीतली दंडाची पावती सापडते. नुसते बोलणे तहसीलमध्ये चालणार नाही, हे खरे. पण कागद कुठे आहे हे सांगणारा माणूस गेला, तर कागदही रद्दीत जातो.

दुसरा आक्षेप असा, की म्हाताऱ्या माणसांच्या तारखा चुकतात. चुकू द्याव्यात. इटलीतील तेर्नी गावात १९४९ साली एका निदर्शनात पोलिसांच्या हातून एक तरुण कामगार मारला गेला. वर्षांनंतर तिथले कामगार ती घटना १९५३ च्या कामगार कपातीच्या लढ्यातली म्हणून सांगत. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने ती चूक फेकून दिली नाही. त्या चुकीतून कामगारांच्या मनातली सल वाचली. आपणही तारीख वर्तमानपत्राशी, जामिनाच्या कागदाशी ताडून घ्यावी, आणि माणसाने सांगितले तसे शेजारी तसेच ठेवावे.

हा प्रश्न फक्त जुन्या काळाचा नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांतील पोलीस कारवाईबद्दल वस्तीतील स्त्री-पुरुषांनी जे सांगितले, जे मोबाईलमध्ये टिपले, ते आज कुठे आहे? किती जणांनी मोबाईल बदलले? १९७८ ची नोंद करायला साधन नव्हते, असे आपण म्हणू शकतो. २०२४ ची नोंद आपल्या खिशात असून हरवली, तर पुढच्या पिढीला काय सांगणार?

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर भिक्खू राजगृहाला जमले. आनंदाने जे ऐकले होते ते सांगितले, संघाने ते तपासले आणि मग एकत्र म्हणून कायम केले. पुढे कितीतरी पिढ्या भाणकांनी तो ठेवा आपसात वाटून घेतला, पाठ केला आणि ग्रंथबद्ध होईपर्यंत सांभाळला. तिथे लेखणी नव्हती, पण संघटना होती. आपल्याकडे आज सगळी साधने आहेत, संघटना तेवढी उभी करायची आहे.

म्हणून येत्या आषाढी पौर्णिमेपूर्वी जिल्ह्यातील प्रत्येक विहाराने एक वही घ्यावी आणि वस्तीतील सत्तरीपुढच्या माणसांची नावे वयाप्रमाणे लिहावीत. पहिल्या नावाच्या घरी दोन तरुण आणि एक भगिनी पाठवावी. तिथे भाषण करू नये, उलटतपासणी करू नये. शांतपणे बसून ऐकावे. ज्यांनी आपल्यासाठी एवढे सोसले, त्यांचे ऐकून घेण्याइतका वेळ आपल्याकडे असलाच पाहिजे. जयभीम!